लांडगा उशिरा आला, हे खरं दुखणं नाही

पत्र:

ताई,

मी सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही काही मित्रमैत्रिणी दर शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जमून सिनेमा बघतो. कोणता बघायचा ते पाळीपाळीनं ठरतं. माझी पाळी आली तेव्हा मी १९६१चा एक इटालियन भयपट लावला, 'लिकांत्रोपुस'. अमेरिकेत तो 'वेअरवुल्फ इन अ गर्ल्स डॉर्मिटरी' या नावानं लागला होता. त्याचं पोस्टर बघून मी आठवडाभर सगळ्यांना सांगत होतो, घाबरायची तयारी ठेवा. प्रत्यक्षात तासभर नुसती चौकशी, पत्रं आणि संशय. लांडगा नीट दिसतो तो पार शेवटाकडे, आणि तोही दात नि केस चिकटवलेला माणूस. ओठ एक बोलतात, आवाज भलताच येतो. निम्मे जण उठून गच्चीवर गेले. एक मैत्रीण तेवढी शेवटपर्यंत बसली. ती म्हणाली, "लांडग्याचं जाऊ दे, मला त्या मुलींचं पुढे काय होतं ते बघायचं होतं." बाकीच्यांनी ठरवलं की यापुढे माझी पाळी नको.

मला जास्त लागलं ते वेगळंच. मला स्वतःला भयपट करायचा आहे. पंधरा-वीस मिनिटांचा, लांडगा होणाऱ्या माणसाचाच. हाताशी एक फोन, दोन दिवे आणि वर्गणी काढून जमवलेले थोडे पैसे. हा सिनेमा बघून वाटलं की पैसा नसेल तर आपलंही असंच हसं होणार. कमी पैशांतल्या सिनेमाला आपण सूट द्यायची का? मी हा नाद सोडून देऊ का? आणि मित्रांना आता काय दाखवू?

एक निराश प्रेक्षक, सोलापूर

उत्तर:

प्रिय मित्रा,

तुझी निराशा रास्त आहे. 'लिकांत्रोपुस' फसलेलाच सिनेमा आहे, आणि गच्चीवर गेलेल्या मित्रांवर रागावण्यासारखं काही घडलेलं नाही. पण तो कशानं फसला याचं कारण तू पैशात शोधलंस. तिथे मला तुला थांबवायचं आहे, कारण तेच कारण तू आता स्वतःच्या, अजून जन्मालाही न आलेल्या सिनेमाला लावायला निघाला आहेस.

पोस्टरपासून सुरुवात करू. तू मित्रांना जो सिनेमा कबूल केलास, तो इटलीत कुणी केलाच नव्हता. दिग्दर्शक पाओलो हॉइश आणि लेखक एर्नेस्तो गास्ताल्दी यांनी केली होती एक रहस्यकथा. वाया गेलेल्या म्हणून शिक्का बसलेल्या मुलींची सुधारशाळा आहे. मागे काहीतरी भानगड झालेला एक डॉक्टर तिथे शिक्षक म्हणून रुजू होतो. रात्री रानात एका मुलीचा बळी जातो. एका प्रतिष्ठित, विवाहित गृहस्थाची पत्रं तिच्या हाती असतात आणि त्या पत्रांच्या जोरावर ती त्याला दाबत असते. मग तिची मैत्रीण प्रिसिला शोध घ्यायला लागते. 'खुनी कोण' या प्रश्नाच्या जागी 'लांडगा कोण' एवढाच फरक. (तो कोण हे मी इथे लिहीत नाही, हे सदर वाचणाऱ्या कुणाला अजून तो बघायचा असेल.) १९६३मध्ये तो अमेरिकेत पोचला, तेव्हा वितरकांनी त्याला मुलींच्या वसतिगृहाचं नाव दिलं आणि 'द घूल इन स्कूल' नावाचं एक उडत्या चालीचं गाणं जोडून दिलं. ब्रिटनमध्ये तोच सिनेमा 'आय मॅरीड अ वेअरवुल्फ' झाला. या नावांनी जो सिनेमा डोळ्यांपुढे उभा राहतो त्याची वाट बघत तुम्ही सगळे बसला होतात, आणि पडद्यावर दुसराच चालू होता. जुना इटालियन सिनेमा निवडताना त्याचं इटलीतलं मूळ नाव, लेखक आणि दिग्दर्शक बघायची सवय लाव. पोस्टर बहुतेक वेळा समुद्रापलीकडच्या कुणीतरी, सिनेमा हाती आल्यावर रंगवलेलं असतं.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत ही तक्रार मात्र तू मागे घ्यावीस. त्या काळात इटलीत चित्रीकरणाच्या जागी सिनेमासाठी आवाज सहसा घेत नसत. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि सगळे आवाज मागाहून स्टुडिओत भरले जायचे. फेलिनीसारख्या दिग्दर्शकाचे सिनेमेसुद्धा असेच तयार झाले आहेत. 'लिकांत्रोपुस'मधली माणसं बघ. प्रिसिला झालेली बार्बारा लास पोलंडची. डॉक्टर झालेला कार्ल शेल हा मारिया आणि माक्सिमिलियान शेल या नामवंत भावंडांचा भाऊ. मॉरिस मार्साक फ्रेंच. रखवालदार झालेला लुचानो पिगोत्सी इटालियन. संस्थेच्या संचालकाचं काम करणारे कर्ट लोवेन्स मूळचे जर्मनीतले ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ते नेदरलँड्समध्ये खोट्या नावानं राहिले आणि ज्यू मुलांना लपवून वाचवण्याच्या कामात पडले. पुढे हॉलिवूडनं याच माणसाला वारंवार नाझी अधिकाऱ्याचे कपडे चढवले. ही हकिगत तुझ्या प्रश्नात बसत नाही, पण त्यांचा चेहरा तू आत्ताच पाहिला आहेस, म्हणून तुला ती माहीत असावी असं मला वाटतं. सांगायचं हे की इतक्या देशांची माणसं एका चौकटीत उभी असतील, तर ज्याला अस्सल म्हणता येईल असा आवाज कुठल्याच प्रतीत सापडणार नाही. इंग्रजी ऐक की इटालियन, कुणाचे तरी ओठ चुकणारच.

आता श्रेयनामावलीकडे बघ, कारण दुखणं तिथून दिसायला लागतं. हॉइश तिथे 'रिचर्ड बेन्सन' आहेत, गास्ताल्दी 'ज्युलियन बेरी', पिगोत्सी 'ॲलन कॉलिन्स'. संगीतकार आर्मांदो त्रोवायोली, ज्यांनी दोनच वर्षांत नामवंत दिग्दर्शक दे सिकांच्या 'येरी, ओज्जी, दोमानी' या सिनेमाला संगीत दिलं, ते इथे 'फ्रान्सिस बर्मन' म्हणून लपले आहेत. हे का? रिक्कार्दो फ्रेदा हे दिग्दर्शक एक आठवण सांगत. बोलपटाच्या काळातला पहिला इटालियन भयपट म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'इ वांपिरी' त्यांनी १९५७मध्ये केला. सानरेमोच्या एका थिएटरबाहेर उभं राहून ते लोकांकडे बघत होते. लोक फोटो बघून थबकायचे, जवळ यायचे, दिग्दर्शकाचं इटालियन नाव वाचायचे आणि निघून जायचे. इटालियन माणूस काय भीती दाखवणार, ही त्यांची समजूत. १९५९च्या 'काल्तिकी'वर फ्रेदांनी 'रॉबर्ट हॅम्प्टन' असं नाव लावलं. त्याच सुमाराला इंग्लंडच्या हॅमर कंपनीचा ड्रॅक्युला इटलीत चांगला चालला, आणि १९६०मध्ये रोमच्या निर्मात्यांनी भयपटांची एकच रांग लावली. इंग्रजी मुखवटा चढवला की माल घरीही खपतो आणि बाहेरही, हे गणित त्यांना सापडलं होतं. त्यासाठी मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्यांना पुढचा सिनेमा उभा करायचा होता.

पण मुखवटा पाटीपुरता राहिला नाही, तो गोष्टीच्या आत शिरला. 'लिकांत्रोपुस'मध्ये सर आल्फ्रेड व्हाइटमन आहेत, मेरी स्मिथ आहे, आणि ही माणसं ज्या गावात राहतात ते कुठल्याच नकाशावर सापडायचं नाही. लांडगा होणं हा तिथे एक वैद्यकीय विकार आहे. पिच्युटरी ग्रंथी, उपचार, फसलेला प्रयोग. त्या रानाला कुणाची आठवण नाही, त्या लांडग्याला कुठलं गाव नाही. बघणारा त्याला भिणार तरी कशाच्या आधारावर?

आता 'लांडगा शेवटी आला' या तुझ्या तक्रारीकडे येते. त्याच १९६१ साली हॅमरनं टेरेन्स फिशरच्या दिग्दर्शनाखाली 'द कर्स ऑफ द वेअरवुल्फ' केला, ऑलिव्हर रीडला घेऊन. त्यातही मोठा झालेला लांडगा पुरता समोर येतो तो शेवटच्या भागात. पैशांची ओढाताण तिथेही होती. गोष्ट स्पेनमध्ये घडते, कारण रद्द झालेल्या दुसऱ्या एका सिनेमासाठी स्पॅनिश सेट बांधून तयार होते आणि ते वाया घालवणं परवडणारं नव्हतं. तरीही प्रेक्षक उठत नाही. त्या मुलाची आई कशी छळली गेली ते आपण पाहिलेलं असतं, तो जन्माला येताना आपण तिथे असतो, त्याला सांभाळणाऱ्यांचा जीव कसा टांगणीला लागतो ते आपल्याला कळलेलं असतं. लांडगा येईपर्यंत आपण त्या मुलासाठी घाबरायला लागलेले असतो. उशीर दोन्हीकडे झाला, पण इंग्लंडमधल्या सिनेमानं तो वेळ माणूस उभा करण्यात घालवला आणि रोमच्या सिनेमानं संशयित मोजण्यात.

त्यातली एक बाब मला फार खुपते. हॅमरच्या सिनेमातला तो मुलगा नाताळच्या दिवशी जन्मतो आणि तिथून त्याचं दुर्दैव सुरू होतं. हॅमरवाल्यांनी ज्या कादंबरीचा आधार घेतला तिच्यातही नाताळचा जन्म आहे. आणि दक्षिण इटलीत ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नाताळच्या रात्री जे पोर जन्मतं, ते देवाच्या वेळेवर हक्क सांगतं, म्हणून पुढे लांडगा होतं. इंग्रजांनी जी समजूत पडद्यावर आणली ती इटलीच्या खेड्यांत जिवंत होती, आणि इटलीचे लोक ग्रंथींच्या गोष्टी रचत बसले.

इटलीकडे याहून कितीतरी होतं. कार्लो लेव्ही नावाच्या चित्रकाराला, जो शिक्षणानं डॉक्टर होता, फॅसिस्ट राजवटीनं १९३५मध्ये दक्षिणेतल्या लुकानियात हद्दपार केलं. तिथल्या दिवसांवर त्यानं लिहिलेलं 'क्रिस्तो सि ए फेर्मातो आ एबोली' हे पुस्तक १९४५मध्ये आलं. त्यात गावातले लोक त्याला लांडगा होणाऱ्या माणसांबद्दल सांगतात. असा माणूस रात्री बाहेर पडतो, लांडग्यांत मिसळतो आणि पहाटे घरी परततो. बायकोनं पहिल्या थापेला दार उघडायचं नाही, तेव्हा तो पुरता लांडगा असतो आणि तिला फाडून खाईल. दुसऱ्या थापेलाही नाही, तेव्हा तो अर्धा माणूस झालेला असतो. तिसऱ्या थापेला उघडायचं, तेव्हा दारात तिचा नवरा असतो. हे वाचताना तुझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते आठव. एक बंद दार, आत कडीवर हात ठेवून उभी असलेली बाई, बाहेर कुणाचा तरी श्वास. यात केसाळ चेहरा कुठेच नाही. पैसेही नाहीत. पण पुढे कित्येक वर्षं त्या बाईला दर थापेला काय वाटत असेल, याचा विचार सुरू झाला की तो थांबत नाही.

आणि ही काही लेव्हीच्या काळातली नवलाई नव्हे. पहिल्या शतकात पेत्रोनिअस या रोमन लेखकानं लॅटिनमध्ये लिहिलेल्या गोष्टीत एक शिपाई चांदण्यात थडग्यांपाशी कपडे उतरवतो, लांडगा होतो आणि रानात पळतो. दुसऱ्या दिवशी तोच शिपाई मानेला जखम घेऊन अंथरुणावर पडलेला सापडतो, कारण रात्री मेंढरांत शिरलेल्या लांडग्याला एका गड्यानं भाला मारलेला असतो. दोन हजार वर्षांचा साठा घरात असताना 'लिकांत्रोपुस' उसन्या नावांच्या मागे गेला.

म्हणून सूट देण्याबद्दल तू विचारलंस त्याचं उत्तर असं. दाढीचे केस निघाले, धूर कमी पडला, रान तीनच झाडांचं वाटलं, तर खुशाल सूट दे. एखादं दृश्य एकाच दमात उरकलंय हे जाणवलं तरी दे. पण आपली भीती कुठून येते याचा विचारच न करता केलेल्या गोष्टीला सूट देऊ नकोस, मग ती कितीही गरिबीत केलेली असो. विचार करायला पैसे लागत नाहीत.

तुझी मैत्रीण बसून राहिली, ते मला या सगळ्यात मोलाचं वाटलं. तिनं बरोबर जागी बोट ठेवलं आहे. त्या सुधारशाळेतल्या मुलींचा शब्द कुणी धरत नाही, कारण त्या आधीच बदनाम आहेत. त्यातली एक मारली जाते, आणि मोठ्या माणसांना काळजी असते ती पत्रांची, संस्थेच्या नावाची. चंद्र उगवण्याच्या आधीच त्या मुलींचा फायदा उठवणारा एक सभ्य गृहस्थ तिथे वावरतो आहे. गास्ताल्दीला, जो तेव्हा ऐन पंचविशीतला होता, हे दिसलेलं आहे. ते त्याच्या पानांत आहे. प्रिसिला एकटी पुढे होते तेव्हा सिनेमात जीव येतो. पण रहस्याची चाकं फिरवायची घाई इतकी, की मुली हळूहळू मागे सरकतात आणि कोण कुठे होतं याच्या चौकशीला जागा मिळते. हाच सिनेमा मुलींच्या बाजूनं लिहिला असता तर त्याच पैशात, त्याच चिकटवलेल्या दातांनिशी तो तुमच्या अंगावर आला असता. रात्रीचं रान, झाडांमधून येणारा उजेड, पिगोत्सीचा तो अवघडलेला चेहरा, त्रोवायोलींचं संगीत, हे सगळं तयार होतंच. तू जी प्रत लावलीस ती बहुधा घासलेली, काळवंडलेली असणार. साफ केलेल्या प्रतीत काळ्या-पांढऱ्या छायाचित्रणाची मेहनत दिसते. ती बघितल्यावर सिनेमा चांगला ठरेल असं मी म्हणत नाही, पण काय हातचं निसटलं ते नीट कळेल.

आता पैशांबद्दल, कारण तुझी भीती तिथे आहे. वर 'इ वांपिरी'चं नाव आलं. फ्रेदांनी निर्मात्यांना तो बारा दिवसांत करून देण्याचा शब्द दिला होता. शेवटी भांडण होऊन ते निघून गेले आणि छायाचित्रकार मारिओ बावांनी उरलेलं काम दोन दिवसांत उरकलं. याहून घाईचं काम शोधून सापडणार नाही. पण त्या सिनेमात जान्ना मारिया कानाले या देखण्या नटीचा चेहरा आपल्या डोळ्यांदेखत, मध्ये कुठेही न कापता, म्हातारा होत जातो. आजही ते दृश्य बघणारा दचकतो. त्यात महागडं काही नव्हतं. चेहऱ्यावर एका रंगानं सुरकुत्या काढायच्या. त्याच रंगाच्या उजेडात त्या दिसत नाहीत. मग उजेडाचा रंग हळूहळू बदलायचा, की त्या वर येतात. फिल्म काळी-पांढरी, त्यामुळे प्रेक्षकाला उजेड बदललेला कळत नाही, फक्त चेहरा बदललेला दिसतो. ही युक्तीही बावांनी शोधलेली नव्हती. १९३१च्या अमेरिकन 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'मध्ये ती वापरली होती. त्यांनी ती कुठे वापरायची ते ओळखलं.

तुझ्याकडे दोन दिवे आहेत ना? मग हे तुला घरी करता येईल. मित्राच्या चेहऱ्यावर लाल रंगानं रेषा ओढ, डोळ्यांखाली आणि गालांवर लाल छटा दे. खोली पूर्ण अंधारी कर. एका दिव्याला लाल जिलेटीन पेपर लाव, दुसऱ्याला हिरवा. आधी फक्त लाल दिवा. मग एक माणूस लाल दिव्यापुढे पुठ्ठा सरकवत नेईल आणि दुसरा हिरव्यापुढचा पुठ्ठा काढत जाईल. लाल उजेडात कातडीत मिसळलेल्या रेषा हिरव्या उजेडात काळ्या पडतील. फोनचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स आधी लॉक कर, नाहीतर फोन स्वतःच सगळं दुरुस्त करून युक्ती मारून टाकेल. नंतर चित्रण काळं-पांढरं कर. पहिल्या खेपेला नीट येणार नाही. रंगाची जाडी आणि दिव्यांचं अंतर बदलत राहा. जमलं की तुला केस चिकटवावे लागणार नाहीत.

पण दिवे लावण्याआधी गोष्ट. तुझा लांडगामाणूस कुठला आहे, हे तू पत्रात लिहिलं नाहीस, आणि मला तेच सगळ्यात आधी विचारायचं होतं. लेव्हीच्या तीन थापा उचलून सोलापुरात आणू नकोस. त्या लुकानियाच्या आहेत. तुझ्या बाजूला बघ. सोलापूर हा काही लांडगे फक्त चित्रात पाहिलेल्या लोकांचा जिल्हा नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात, जिल्ह्यातल्या गवताळ माळांवर खरे लांडगे आहेत आणि त्याच माळांवर मेंढरं घेऊन फिरणारे धनगरही आहेत. रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडून माणूस बाहेर झोपतो, तेव्हा त्याला कशाची चाहूल लागते, कुत्री कधी भुंकायची थांबतात, कुठला आवाज ऐकला की तो उठून बसतो, हे त्यांच्याकडून ऐकून ये. कॅमेरा नेऊ नकोस. आधी नुसता जाऊन बस, ते सांगतील तेवढं ऐक. तुझ्या सिनेमाचा आवाज तुला तिथे मिळेल, आणि भयपटात निम्मं काम आवाज करतो. जमलं तर घरी परतल्यावर मैत्रिणीलाही त्यात ओढ. मुलींकडे बघणारी नजर तिच्याकडे आहे. माणूस लांडगा होतो तेव्हा घरातल्या बाईचं काय होतं, हा प्रश्न ती तुझ्याआधी विचारेल, आणि तुझ्या पंधरा मिनिटांत तो असायला हवा.

एक काळजी घे. भारतीय लांडगा कायद्यानं संरक्षित आहे आणि माळ कमी होत चालल्यानं आधीच अडचणीत आहे. तुझ्या गोष्टीत भीती माणसाची असू दे. लांडगे दिसले की मारा, असा अर्थ निघेल असं काही करू नकोस. तुझा सिनेमा तिथल्याच गावांत फोनवरून फिरेल, हे लक्षात ठेव.

मित्रांना काय दाखवायचं, ते राहिलं. इटालियन वेअरवुल्फ शोधत गेलास तर १९७६चा 'ला लूपा मानारा' पुढे येईल, रिनो दि सिल्वेस्त्रोचा. तो शनिवारच्या बैठकीला लावू नकोस. त्यात बाईवरच्या लैंगिक अत्याचाराची दृश्यं आहेत आणि ती ज्या नजरेनं घेतली आहेत ती मला पटत नाही. एकट्यानं बघायचा की नाही ते तू ठरव, पण मित्रमैत्रिणींना न सांगता त्यांच्यापुढे ठेवणं बरं नव्हे.

त्याऐवजी ताव्हियानी बंधूंचा १९८४चा 'काओस' मिळव. लुइजी पिरांदेल्लोच्या सिसिलीतल्या कथांवर तो बेतलेला आहे. त्यात 'मल दि लूना' नावाची गोष्ट आहे. रानातल्या एकाकी घरात नव्यानं नांदायला आलेली सिदोरा आणि तिचा नवरा बाता. पौर्णिमा येते, बाताला चाहूल लागते, आणि तो तिला सांगतो की आत जा, दार लावून घे, मी काहीही केलं तरी उघडू नकोस. मग तो बाहेर चंद्राखाली ओरडत राहतो. तो असा का झाला हेही कळतं. तान्हा असताना त्याची आई रात्री खळ्यावर राबत होती, पोर उघड्यावर चांदण्यात पडलेलं होतं, आणि चंद्रानं त्याला धरलं. दात नाहीत, केस नाहीत, नखं नाहीत. एक नट, एक अंगण आणि एक दार. भयपट म्हणून तो कुणी विकला नाही, पण इटलीच्या मातीतला लांडगामाणूस मला याहून खरा कुठे दिसलेला नाही.

सिनेमा तीन तासांच्या वर आहे, तेव्हा सगळा लावू नकोस. 'मल दि लूना' ही त्यातली दुसरी गोष्ट, थेट तिथून सुरू कर. कुणाला आठवडाभर आधी काही सांगू नकोस, पोस्टर दाखवू नकोस, उपशीर्षकं नीट जुळतात का ते आदल्या दिवशी तपासून ठेव. ती संपल्यावर कुणी आणखी बघू म्हणालं, तर आधीची आणि नंतरच्या गोष्टी पुढच्या शनिवारसाठी आहेतच.

तुझी,
ताई